कुणाला विचारून?

(नांदेडच्या युवक अभ्यास शिबिरातलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय. दोन-चार ठिकाणी वाक्यं सरळ केली, तेवढंच.)



आज आपण ह्या पत्र्याखाली उकडत बसलोय, त्याचं कारण आधी सांगतो. शिबिरासाठी आपण एक हॉल बघितला होता. पंखे होते, प्यायला पाणी होतं, मालक आपलाच माणूस. भाडंही त्यानं निम्म्यावर आणलं. उठता उठता म्हणाला, "ठाण्याचं पत्र आणा तेवढं." आम्ही म्हणालो, चार भिंतींच्या आत तीस-चाळीस पोरं बसून बोलणार, त्याला पत्र कशाला? तो म्हणाला, "कशाला ते मला माहीत नाही. पण असलेलं बरं."

ठाण्यानं पत्र मागितलं नव्हतं. कुठल्या कायद्यानं मागितलं नव्हतं. त्या माणसानं स्वतःच स्वतःला मागितलं. 'असलेलं बरं' ह्या दोन शब्दांवर मी आज बोलणार आहे.

मी फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे, कोरल ड्रॉवर बसतो. वाढदिवस, श्रद्धांजली, निवडीबद्दल अभिनंदन, क्लासवाल्यांचे निकाल. चौकाचौकात जे जे हसताना दिसतं ते आमच्यासारख्यांच्या हातनं गेलेलं असतं. त्यामुळं पेपर वाचायची माझी एक सवय आहे. मी मोठ्या बातम्या सोडतो आणि आतल्या पानावरच्या चौकटी वाचतो. त्यात एक चौकट पुन्हा पुन्हा येते. 'जिल्ह्यात शस्त्र व जमावबंदी आदेश लागू.' कधी नांदेडला, कधी लातूरला, कधी परभणी-बीडला. सोन्याचा भाव आणि हरवले-सापडलेच्या मधे कुठंतरी. तुम्ही ती वाचली नसणार. कुणीच वाचत नाही.

तो आदेश ज्या कायद्याखाली निघतो त्याचं नाव मुंबई पोलीस कायदा, १९५१. आता त्याला महाराष्ट्र पोलीस कायदा म्हणतात. कलम ३७, पोटकलम एक आणि तीन. पोटकलम एकमध्ये जिल्हादंडाधिकाऱ्याला काय काय मना करता येतं, ते एकदा सवडीनं वाचा. तलवारी, भाले, काठ्या, दगड. ठीक आहे. पुढं या. प्रेतं किंवा माणसांच्या प्रतिमा दाखवणं. जाहीर घोषणा देणं, गाणी म्हणणं, वाद्य वाजवणं. आवेशाची भाषणं, हावभाव, सोंगं. चित्रं, चिन्हं, फलक; म्हणजे जे अधिकाऱ्याच्या मते सभ्यतेला किंवा राज्याच्या सुरक्षेला बाधक असेल ते. 'अधिकाऱ्याच्या मते' हे शब्द ध्यानात ठेवा. हलगी, भीमगीत, शाहिरी, पथनाट्य, मोर्चा, फ्लेक्स. आपल्या चळवळीनं आजवर जे जे केलं, त्याची अशी नेटकी यादी आपल्याच कुठल्या इतिहासाच्या पुस्तकात मला सापडलेली नाही.

पोटकलम तीन जमावाचं आणि मिरवणुकीचं. त्याला एक लगाम आहे. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय अशी बंदी पंधरा दिवसांच्या वर टिकत नाही. कायदा करणाऱ्यांना वाटलं असेल, पंधरा दिवस म्हणजे डोक्यावरनं पाणी. पण कागदाला कागद जोडता येतो हे त्यांच्या ध्यानात आलं नाही, किंवा आलं असेल. सोळाव्या दिवशी नवा आदेश काढता येतो. तारीख बदलते, कारण तेच राहतं: सण-उत्सव, जयंत्या, मोर्चे, उपोषणं. बहुतेक आदेशांत लग्नाला आणि अंत्ययात्रेला सूट असते. म्हणजे लग्न करा, मरा. मधलं काही करायचं असेल तर विचारून करा.

आणि गंमत अशी, की हा आदेश कुणी पाळत नाही आणि कुणी पाळायलाही लावत नाही. टपरीवर पाचाच्या जागी पंधरा उभे असतात. आठवडी बाजारात तर विचारूच नका. मग अडतंय कुठं? अडतंय इथं, की आपण सगळे रोज थोडे थोडे गुन्हेगार असतो, फक्त बोलावणं आलेलं नसतं. कायदा सगळ्यांच्या डोक्यावर, आणि तो कधी, कुणावर काढायचा ते साहेबाच्या खिशात.

तुम्ही म्हणाल, एवढंच ना? एक अर्ज, एक शिक्का. आणीबाणीची गोष्ट सांग, ती मोठी गोष्ट आहे. आहेच. २५ जून १९७५च्या रात्री ती आली, २१ मार्च १९७७ला उठली. तिला सुरुवात होती आणि शेवट होता, म्हणून तिच्यावर पुस्तकं निघाली. पंधरा दिवसांच्या कागदावर कोण पुस्तक लिहिणार?

आता गावाकडं चला. माझा आजा निलंगा तालुक्यातला. त्याच्या लग्नात वरात मारुतीच्या पारापुढनं न्यायची की मागच्या बोळातनं, हे पाटलाला विचारून ठरलं. ठरलं म्हणजे काय, बोळातनंच गेली. पण आजा जे सांगायचा ते वेगळंच होतं. तो म्हणायचा, "पाटील तसा वाईट नव्हता बाबा. कधी कधी हो पण म्हणायचा. फक्त इचारायला पायजे म्हणायचा."

इचारायला पायजे. जातीचा सगळा डोलारा ह्या एका क्रियापदावर उभा होता. पाणी घेऊ का. चप्पल घालून जाऊ का. पोराचं नाव असं ठेवू का. हो म्हटलं काय आणि नाही म्हटलं काय, जो विचारतो तो खालचा आणि ज्याला विचारतात तो वरचा, हे विचारतानाच पक्कं होतं. म्हणून सरकार जेव्हा म्हणतं की काही नाही हो, साधी परवानगी घ्या, तेव्हा दुसऱ्या कुणाला ती साधी वाटत असेल. आपल्या कानाला ती साधी वाटली, तर आपले कान बिघडले म्हणायचे. पाटलाचा वाडा पडला, तिथं आता पतसंस्था आहे. पण ते क्रियापद वाड्यातनं निघून कचेरीत जाऊन बसलं.

मराठवाड्याला हे कागद नवे नाहीत. निजामाच्या राज्यात गश्ती निशाण ५३ होतं. गश्ती म्हणजे परिपत्रक. सभा घ्यायची तर आधी परवानगी काढा. हैदराबाद संस्थानातल्या राजकीय माणसांचा ह्या एका गश्तीनं जीव मेटाकुटीला आणला होता. आपल्या माणसांचीही गोष्ट आहे. ३० डिसेंबर १९३८ला भाऊसाहेब मोरे यांनी कन्नड तालुक्यात मक्रणपूरला परिषद भरवली, बाबासाहेब आले. निजामी पोलिसांनी लोकांना अडवलं होतं आणि लोक शिवना नदी ओलांडून आले, असं तिकडचे म्हातारे सांगत आलेत. नदी ओलांडणाऱ्यांनी कुणाला विचारलं नव्हतं. १७ सप्टेंबर १९४८ला निजाम गेला. दर सप्टेंबरात आपण झेंड्याला सलामी देतो. निजाम गेला, गश्ती राहिली.

लातूरचं सांगतो. उन्हाळा २०१६. मी अकरावीला, मावशीकडं राहत होतो. मांजरा धरण कोरडं पडलेलं. नळाला पाणी नाही म्हणजे नाहीच. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात जिल्हा प्रशासनानं कलम १४४ लावलं. पाण्याच्या टाक्या, टँकर भरायच्या जागा, विहिरी, इथं पाचाहून जास्त माणसांनी जमायचं नाही, ३१ मेपर्यंत. कारण खोटं नव्हतं. भांडणं होत होती, टँकर अडवले जात होते. नंतर १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची रेल्वे आली, पाच लाख लिटर घेऊन. देशभरच्या कॅमेऱ्यांनी ती रेल्वे बघितली. त्यांनी मावशी बघितली नाही.

मावशी पहाटे घागर घेऊन टाकीपाशी उभी. पुढं चौघी. मी कळशी घेऊन मागं गेलो, तर ती मागं न बघताच म्हणाली, "तू लांब हो रे. तू सहावा होतूस."

तिला कलम माहीत नव्हतं. वाचता येत नाही तिला. पण तिनं माणसं मोजली. तहानलेली बाई पाणी मोजते हे मी लहानपणापासनं बघितलं होतं, तहानलेल्या बाईला माणसं मोजताना त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. आणि तो आठवडा कुठला? महाडचा. २० मार्च १९२७ला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याला ८९ वर्षं होत होती. महाडलाही तळं कागदोपत्री खुलंच होतं, नगरपालिकेचा ठराव होता. डिसेंबरात दुसऱ्यांदा गेले, तर विरोधकांनी दिवाणी कोर्टातनं मनाई हुकूम आणून ठेवलेला. बाबासाहेबांनी तो हुकूम मोडला नाही. २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली, आणि तळ्यासाठी कोर्टात उभे राहिले. हायकोर्टाचा निकाल यायला मार्च १९३७ उजाडला. एका ओंजळीला दहा वर्षं.

लातूरचा हुकूम काही जातीचा नव्हता, हे मी मान्य करतो. पण ज्याच्या अंगणात बोअर आहे त्याला टाकीपाशी जमावं लागत नाही. जमावबंदी सगळ्यांना सारखी असते. जमायची गरज सगळ्यांना सारखी नसते.

आता एक अडचण सांगतो, ती लपवून चालणार नाही. सरकारनं आमच्या आयुष्यात नाक खुपसू नये, हे वाक्य वाड्यावरच्या पोराला शोभतं. त्याला गाव पुरतं. आपल्याला गावापासनं वाचायलाच सरकार लागतं. २७ जुलै १९७८ला नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला आणि मराठवाडा पेटला. ह्याच नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना मारलं. गावोगाव घरं जळाली. तेव्हा आपल्या म्हाताऱ्यांनी काय मागितलं? बंदोबस्त मागितला. १९८९चा अॅट्रॉसिटीचा कायदा आपण लढून घेतला. आजही गावात मिरवणुकीवर दगड पडला की आपण फोन कुठं लावतो? तेव्हा सरकार नको, हे आपलं म्हणणं नाही. दारात शिपाई आपणच उभा केलाय. पण भटाला दिली ओसरी, ही म्हण आपल्या आज्यांनी उगाच पाठ केली नव्हती. दगड अडवायला आलेला शिपाई दगडवाल्याकडं पाठ करून आपल्याकडं तोंड करून उभा राहिला, की समजायचं ओसरी गेली.

इथनं जवळच बोंढार आहे. एप्रिल २०२३मध्ये तिथल्या पोरांनी गावात पहिल्यांदा भीमजयंती काढली, आणि १ जूनला त्यातल्या एका पोराला मारून टाकलं. फिर्यादीत म्हटलंय ते असं, की लग्नाची वरात चालली होती, वरातीत तलवारी होत्या, आणि जयंती काढली म्हणून राग होता. न्याय कोर्ट करील. मला विचारायचंय ते एवढंच, की ज्या जिल्ह्यांत शस्त्रबंदीचे कागद निघतात तिथं तलवार वरातीत नाचते कशी, आणि आपल्या जयंतीला झेंड्याची काठी किती फुटांची असावी ह्याची चौकशी होते कशी?

परभणीचं तर ताजंच आहे. १० डिसेंबर २०२४ला संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, दुसऱ्या दिवशी शहर पेटलं. मग जमावबंदी, मग वस्त्यांमधनं धरपकड. घरात घुसून बायामाणसांना मारल्याचे आरोप झाले. कायदा शिकणारा एक पोरगा न्यायालयीन कोठडीत वारला. गुन्हा नोंदवा, हे सांगायला हायकोर्टाला जुलै २०२५ उजाडला, आणि त्यावरही सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. तिथं हरलं. जमावबंदीचा कागद काढायला मात्र एक संध्याकाळ पुरते.

कोर्टांनी काहीच म्हटलेलं नाही असं नाही, आणि आपल्या पोरांना हे पाठ पाहिजे. १९७२ला सुप्रीम कोर्टात अहमदाबादचं प्रकरण गेलं होतं. विद्यार्थ्यांच्या संपासाठी रस्त्यावर सभा घ्यायची होती, पोलिसांनी परवानगी नाकारली. कायदा हाच, १९५१चा. पाच न्यायाधीशांनी तो परवानगीचा नियम उडवला. नियमन करा, पण मनमानी नकाराचा अधिकार अधिकाऱ्याला देता येणार नाही, असा त्याचा अर्थ. आणि जानेवारी २०२०मध्ये, काश्मीरच्या इंटरनेटबंदीच्या प्रकरणात त्याच कोर्टानं सांगितलं, की कलम १४४चे आदेश पुन्हा पुन्हा काढणं हा अधिकाराचा गैरवापर आहे. १४४ गेलं म्हणून खूश होऊ नका. १ जुलै २०२४पासनं त्याचं नाव १६३ आहे. नव्या संहितेत १७२वं कलम जास्तीचं आलंय: प्रतिबंधाच्या कामात पोलिसानं दिलेला निर्देश मानायचा, नाहीतर तो उचलून नेऊ शकतो, किरकोळ बाब असली तर चोवीस तासांत सोडायचं. चोवीस तास. पंधरा दिवसांचा धाकटा भाऊ.

कुणीतरी मागनं म्हणतंय, बाबासाहेबांचंही सांग. सांगतो. जून १९५१ला पहिली घटनादुरुस्ती झाली, बोलण्याच्या स्वातंत्र्यावर 'सार्वजनिक सुव्यवस्थे'साठी निर्बंध घालायची मुभा सरकारला मिळाली. तेव्हा कायदामंत्री बाबासाहेबच होते. हे आपले विरोधक आपल्या तोंडावर फेकतात आणि आपण गप्प बसतो. गप्प कशाला बसायचं? त्याच दुरुस्तीत निर्बंध 'वाजवी' असले पाहिजेत हा शब्द घातला गेला. तो शब्द होता म्हणूनच पुढं कोर्टात भांडता आलं. आणि १९४९ला घटना समितीत ते म्हणाले, की सनदशीर मार्ग खुले असताना दुसरे मार्ग सोडा. बरोबर आहे. म्हणून तर मार्ग खुले आहेत का, हे रोज सकाळी उठून तपासलं पाहिजे.

मावशीचं अजून एक सांगू द्या, मग माझं सांगतो. तिनं उभी हयात वीटभट्टीवर आणि लोकांच्या भांड्यांत घालवली. बोटांच्या रेघा पुसल्या. रेशनच्या दुकानात यंत्रावर अंगठा ठेवते, यंत्र म्हणतं ही ती नव्हे. दुकानदार म्हणतो, मावशी, खोबरेल लावून ये. मावशी, उद्या ये. आधारचं पहिलं कार्ड २९ सप्टेंबर २०१०ला आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबारच्या टेंभलीत दिलं. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी ऑगस्ट २०१७ला सांगितलं, आणि सप्टेंबर २०१८ला रेशनसाठी अंगठा चालेल असंही सांगितलं. आपल्या माणसांनी रात्रशाळेत बसून अंगठा सोडला, सही शिकली. सरकार म्हणतं, सही राहू द्या, अंगठा आणा. मावशीला राग अंगठ्याचा नाही. ती म्हणते, "धा वर्सं झाली तोंड बघतोय माझं, अन् म्हणतोय तूच का?"

आता माझं. गेल्या एप्रिलात, जयंतीच्या आधी मला नोटीस आली. जुनं १४९, नवं १६८. तुमच्या हातून काही झाल्यास तुम्हाला जबाबदार धरण्यात येईल. काही म्हणजे काय, ते लिहिलेलं नव्हतं. नोटीस घेऊन आलेला शिपाई आपलाच पोरगा. म्हणाला, "भाऊ, मनावर घेऊ नको, यादीतल्या सगळ्यांना देतोय." मी चहा पाजला. सही केली. मनावर घेतलं नाही, असं मलाही वाटलं.

चार दिवसांनी एका वस्तीतली पोरं फ्लेक्सचा मजकूर घेऊन दुकानात आली. विशी-बाविशीतली. त्यांनी स्वतः लिहिलं होतं: 'पाणी आमचं, रस्ता आमचा, बापाची जयंती कुणाला विचारून?' मी टाइप केलं, निळा रंग भरला, फोटो बसवला. आणि शेवटचे शब्द निवडले नि डिलीट दाबलं. 'पाणी आमचं, रस्ता आमचा' आणि खाली 'हार्दिक शुभेच्छा'. मला कुणी सांगितलं नव्हतं. मालक जेवायला गेला होता. ठाणं दोन किलोमीटरवर होतं. मी मनात काय म्हणालो ते मला नीट आठवतं. मी म्हणालो, नसलेलं बरं.

संध्याकाळी पोरं गुंडाळी न्यायला आली. त्यातल्या एकानं ती जमिनीवर उलगडली, वाचली, परत वाचली. "दादा, आपली ओळ?" मी म्हणालो, जागा बसत नव्हती. बारा बाय आठचा फ्लेक्स होता, दोस्तहो. त्यात बैल मावला असता.

हॉलच्या मालकाला मी कुठल्या तोंडानं शिव्या देऊ?

म्हणून आज मी कागद आणलेत. माहितीच्या अधिकाराचे अर्ज आहेत, २००५च्या कायद्याखालचे. एक विषय, दीडशे शब्दांच्या आत, दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट. विचारलंय एवढंच: गेल्या तीन वर्षांत कलम ३७(१)(३)खाली किती आदेश निघाले, प्रत्येकाची तारीख, आणि प्रत्येकाची प्रत. नांदेडसाठी वेगळे, लातूरसाठी वेगळे. प्रती आल्या की भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन बसू, आदेशाचे दिवस लाल करू, मग उरलेले मोजू. अर्ज एकाच्या सहीनं चालतो. पण एकच गेला की त्याच्याच घराची कडी वाजते. म्हणून निरनिराळ्या नावांनी द्यायचे. तिकिटं मी चिकटवलीत.

पेन इथं आहे. पाचजण पुढं या. सहाव्यानं लांब व्हायची गरज नाही.